रोहित्राचा पूर्णभार प्रवाह : गावाच्या हिताचे एक सोपे गणित

रब्बीचा हंगाम ऐन भरात आलेला असतो. गव्हाला ओंबी धरण्याच्या सुमारास पाण्याची पाळी द्यावयाची असते, कांद्याची लागण नुकतीच झालेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी गावाच्या शिवारातील रोहित्र जळते. ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रसंग अपरिचित नाही. नवे रोहित्र येईपर्यंत विहिरींना पाणी असूनही पिके तहानलेली राहतात. पाणीपुरवठ्याचा पंप त्याच रोहित्रावर असेल, तर घरोघरच्या हंड्यांनाही त्याची झळ पोहोचते. अशा वेळी दैवाला वा वीज कर्मचाऱ्यांना बोल लावला जातो. वस्तुतः रोहित्र जळण्यामागील कारणांपैकी एक प्रमुख कारण अगदी साध्या गणिताने आधीच ओळखता येण्यासारखे असते. ते गणित म्हणजे रोहित्राच्या पूर्णभार प्रवाहाचे.

रोहित्राला जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह सतत झेपेल, हे सांगणारा आकडा म्हणजे त्याचा पूर्णभार प्रवाह. हा आकडा काढण्यासाठी अभियंताच हवा असे नाही. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला येणारे गुणाकार-भागाकार त्याला पुरेसे आहेत. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांनी तो समजून घेतला, तर गावाच्या विजेविषयीची चर्चा तक्रारीच्या पातळीवरून नियोजनाच्या पातळीवर येऊ शकेल.

रोहित्र करते तरी काय?

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्या तत्त्वावर आधारलेले, व्यवहारात सर्रास वापरता येईल असे रोहित्र १८८५ साली हंगेरीतील बुडापेस्ट येथे झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तीन अभियंत्यांनी सिद्ध केले. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहू लागला की गाभ्यात सतत बदलणारे चुंबकत्व निर्माण होते आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. दोन्ही वेटोळ्यांतील फेऱ्यांचे जे प्रमाण असेल, त्याच प्रमाणात दाब कमी किंवा अधिक होतो.

वीज दूर अंतरावर वाहून नेताना दाब जास्त ठेवणे हिताचे असते. तेवढीच शक्ती जास्त दाबाने नेली तर प्रवाह कमी लागतो, आणि प्रवाह कमी असला की तारांमध्ये वाया जाणारी उष्णताही कमी होते. म्हणून उपकेंद्रातून गावाच्या दिशेने येणाऱ्या वाहिनीवर साधारणतः ११,००० व्होल्टचा दाब असतो. शेतीपंपाला किंवा घरगुती दिव्याला हा दाब चालणार नाही. तो उतरवून वापरण्याजोगा करण्याचे काम वितरण रोहित्र करते. गावकरी ज्याला सर्रास ‘डी.पी.’ म्हणतात, ती दोन खांबांवर बसविलेली तेलाची टाकी म्हणजे हेच वितरण रोहित्र होय.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगावी अशी रोहित्रे उभी राहिली. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यापासून राज्याच्या बहुतांश भागातील वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आहे. यंत्रणेची नावे बदलली, तरी रोहित्राचे शास्त्र मात्र तेच राहिले आहे.

पाटीवरील आकड्यांचा अर्थ

प्रत्येक रोहित्रावर धातूची एक पाटी असते. तिच्यावर रोहित्राची क्षमता, दोन्ही बाजूंचे दाब, दोन्ही बाजूंचे पूर्णभार प्रवाह, तेलाचे प्रमाण, उत्पादनाचे वर्ष इत्यादी तपशील कोरलेला असतो. ही पाटी वाचण्यासाठी कोणीही खांबावर चढू नये किंवा कुंपणाच्या आत जाऊ नये. तोच तपशील शाखा कार्यालयातील अभियंत्याकडून अथवा गावच्या वायरमनकडून मिळू शकतो. क्षमता आणि दाब एवढे दोन आकडे हाती आले की बाकीचे गणित घरी बसून करता येते.

रोहित्राची क्षमता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये, म्हणजे के.व्ही.ए.मध्ये दिलेली असते. ग्रामीण भागात २५, ६३ आणि १०० के.व्ही.ए. ही रोहित्रे विशेष आढळतात. मोठ्या गावठाणांत २०० के.व्ही.ए.ची किंवा त्याहून मोठीही असतात. येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. विजेची शक्ती सामान्यतः किलोवॅटमध्ये मोजली जात असताना रोहित्राची क्षमता के.व्ही.ए.मध्ये का सांगितली जाते?

त्याचे उत्तर बैलगाडीच्या उदाहरणाने देता येईल. गाडीत धान्याची पोती भरली आणि त्या धान्यात भुसाही मिसळलेला असला, तर बाजारात पैसे धान्याचेच मिळतात. मात्र गाडीच्या आसावर धान्य आणि भुसा या दोन्हींचे ओझे पडते. विद्युतमोटारीचेही तसेच आहे. मोटार जो प्रवाह घेते त्यातील एक भाग प्रत्यक्ष काम करतो आणि दुसरा भाग मोटारीतील चुंबकत्व टिकवून धरण्यापुरता ये-जा करीत राहतो. पहिल्या भागाचे मोजमाप किलोवॅटमध्ये होते. दोन्ही भागांचा मिळून जो भार येतो, त्याचे मोजमाप के.व्ही.ए.मध्ये होते. किलोवॅट आणि के.व्ही.ए. यांच्या गुणोत्तरास शक्तिगुणांक किंवा पॉवर फॅक्टर म्हणतात. रोहित्राची वेटोळी तापतात ती संपूर्ण प्रवाहामुळे. त्यातील ‘धान्य’ किती आणि ‘भुसा’ किती याच्याशी वेटोळ्यांना कर्तव्य नसते. म्हणून त्याची क्षमता के.व्ही.ए.मध्येच सांगणे योग्य ठरते.

गणित कसे मांडावे?

उदाहरणादाखल १०० के.व्ही.ए.चे त्रिफेज रोहित्र घेऊ. त्याच्या उच्चदाब बाजूस ११,००० व्होल्ट आणि लघुदाब बाजूस ४३३ व्होल्ट असे पाटीवर लिहिलेले असते. ४३३ हा आकडा अनेकांना बुचकळ्यात टाकतो, कारण पंपाच्या मोटारीवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असतात. रोहित्रावर काहीही भार नसताना दोन फेजमधील दाब ४३३ व्होल्ट असतो. भार चढू लागला की रोहित्रात आणि तारांत तो थोडा गळतो. ही गळती गृहीत धरूनच तो आरंभी जास्त ठेवलेला असतो.

त्रिफेज रोहित्रात तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा बाहेर पडतात. कोणत्याही दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट दाब असला, तर एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५० व्होल्ट दाब असतो. १.७३२ हे ३ चे वर्गमूळ आहे. आता १०० के.व्ही.ए.चा भार तीन फेजवर समान वाटला, तर प्रत्येक फेजच्या वाट्याला ३३.३३ के.व्ही.ए., म्हणजे ३३,३३३ व्होल्ट-अँपिअर येतात. त्याला २५० व्होल्टने भागले की १३३.३ अँपिअर हे उत्तर मिळते. १०० के.व्ही.ए.च्या रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह तो हाच.

हेच गणित सूत्ररूपाने असे मांडता येईल : के.व्ही.ए.ला १,००० ने गुणावे आणि त्या गुणाकारास १.७३२ गुणिले व्होल्ट यांच्या गुणाकाराने भागावे. म्हणजे १,००,००० भागिले (१.७३२ × ४३३). १.७३२ आणि ४३३ यांचा गुणाकार जवळजवळ ७५० येतो. त्यामुळे एक सोयीचा नियम हाती लागतो. ४३३ व्होल्टच्या कोणत्याही त्रिफेज रोहित्राच्या के.व्ही.ए.ला ४ ने गुणून ३ ने भागले की लघुदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह मिळतो. हा हिशेब तोंडीही करता येतो.

उच्चदाब बाजूस सूत्र तेच, फक्त ४३३ च्या जागी ११,००० व्होल्ट घ्यावयाचे. १,००,००० भागिले (१.७३२ × ११,०००) म्हणजे ५.२५ अँपिअर. एका बाजूस सव्वापाच आणि दुसऱ्या बाजूस सव्वाशेच्या वर, हा फरक पाहून आश्चर्य वाटेल. परंतु दाब जितक्या पटीने उतरतो, तितक्याच पटीने प्रवाह चढतो. शक्ती मात्र, किरकोळ घट सोडता, दोन्ही बाजूंस सारखीच राहते.

नेहमी आढळणाऱ्या ११,०००/४३३ व्होल्ट रोहित्रांचे पूर्णभार प्रवाह पुढीलप्रमाणे येतात :

१६ के.व्ही.ए. : लघुदाब २१.३ अँपिअर, उच्चदाब ०.८४ अँपिअर
२५ के.व्ही.ए. : लघुदाब ३३.३ अँपिअर, उच्चदाब १.३१ अँपिअर
६३ के.व्ही.ए. : लघुदाब ८४ अँपिअर, उच्चदाब ३.३१ अँपिअर
१०० के.व्ही.ए. : लघुदाब १३३.३ अँपिअर, उच्चदाब ५.२५ अँपिअर
२०० के.व्ही.ए. : लघुदाब २६६.७ अँपिअर, उच्चदाब १०.५ अँपिअर

रोहित्र एकफेज असेल तर १.७३२ चा प्रश्नच उद्भवत नाही. के.व्ही.ए.ला १,००० ने गुणून सरळ व्होल्टने भागावे. १० के.व्ही.ए.च्या एकफेज रोहित्राचा लघुदाब २४० व्होल्ट असल्यास पूर्णभार प्रवाह सुमारे ४१.७ अँपिअर येतो.

शिवारातील भाराचा हिशेब

रोहित्राला किती झेपते हे कळले. आता त्याच्यावर प्रत्यक्षात किती ओझे आहे, हे पाहावयास हवे. समजा, १०० के.व्ही.ए.च्या एका रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे १३ आणि साडेसात अश्वशक्तीचे ४ पंप जोडलेले आहेत. एकूण भार ९५ अश्वशक्ती झाला. १ अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट. त्यानुसार ९५ अश्वशक्तीचे ७०.८७ किलोवॅट होतात.

परंतु ही मोटारींनी बाहेर दिलेली शक्ती झाली. मोटार जेवढी वीज घेते तेवढे काम देत नाही. तिची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तिला लागणारी वीज ७०.८७ भागिले ०.८, म्हणजे ८८.६ किलोवॅट होते. शक्तिगुणांकही ०.८ धरला, तर ८८.६ किलोवॅटला पुन्हा ०.८ ने भागावे लागेल. उत्तर येते ११०.७ के.व्ही.ए. म्हणजे १०० के.व्ही.ए.च्या रोहित्रावर ११०.७ के.व्ही.ए.चे ओझे पडले.

हेच प्रवाहाच्या भाषेत पाहू. भार असताना प्रत्यक्ष दाब ४१५ व्होल्ट राहिला, असे मानल्यास १.७३२ गुणिले ४१५ म्हणजे सुमारे ७१९. एक लाख दहा हजार सातशे व्होल्ट-अँपिअरला ७१९ ने भागले की १५४ अँपिअर मिळतात. रोहित्राची मर्यादा १३३.३ अँपिअरची, आणि घेतला जातो १५४ अँपिअर. ही वाढ साडेपंधरा टक्क्यांची आहे.

साडेपंधरा टक्के ही मामुली वाढ वाटेल. परंतु वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १.१५५ पट झाला की उष्णता १.३३ पट होते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट होते. रोहित्रातील तेल ही उष्णता शोषून टाकीच्या नळ्यांमधून बाहेरच्या हवेत सोडते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात बाहेरची हवाच तापलेली असली, तर तेलाला निवण्यास वाव उरत नाही.

उष्णतेचा खरा मारा होतो तो वेटोळ्यांवरील विद्युतरोधक कागदावर. त्याचे तापमान मर्यादेच्या वर गेले की दर ६ अंश सेल्सिअस वाढीमागे त्याच्या झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, असे अभियांत्रिकीचे गणित आहे. काही मिनिटांचा जादा भार रोहित्र सहन करते, कारण एवढे तेल तापण्यास वेळ लागतो. परंतु दररोज तासन्‌तास जादा भार पडत राहिला, तर वीस-पंचवीस वर्षे टिकावयाचे रोहित्र काही हंगामांतच निकामी होते. ज्या दिवशी ते जळते, त्या दिवशी नवे असे काही घडलेले नसते. आधीच्या अनेक दिवसांची झीज त्या दिवशी उघड होते इतकेच.

कपॅसिटरचे महत्त्व

वर दिलेल्या उदाहरणात एकही पंप बंद न करता भार मर्यादेत आणता येतो. प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडला की चुंबकत्वासाठी लागणारा ‘भुशा’चा प्रवाह मोटार रोहित्राकडून न घेता जवळच्या कपॅसिटरकडून घेते. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे २ आणि साडेसात अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३ के.व्ही.ए.आर. क्षमतेच्या कपॅसिटरने शक्तिगुणांक ०.८ वरून ०.९५ च्या आसपास जातो.

मग ८८.६ किलोवॅटला ०.९५ ने भागले असता भार ९३.२५ के.व्ही.ए. होतो आणि प्रवाह १२९.७ अँपिअर भरतो. म्हणजे पंप तेच, पाणी तेच, परंतु प्रवाह १५४ वरून १२९.७ अँपिअरवर आला आणि रोहित्र आपल्या मर्यादेत राहिले. मात्र या हिशेबात एक मेख आहे. हा लाभ सर्व पंपधारकांनी कपॅसिटर बसविले तरच पदरात पडतो. सतरांपैकी तीन-चार जणांनी बसवून भागत नाही. कपॅसिटर बसविणे म्हणूनच एकट्यादुकट्याचा विषय राहत नाही, तो सामुदायिक निर्णयाचा विषय होतो.

या जमेच्या बाजूवर पाणी फिरविणारी गोष्ट म्हणजे आकडा टाकून घेतलेली वीज. त्याच रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे तीन अनधिकृत पंप चालू झाले, तर कपॅसिटर धरूनही सुमारे २० अँपिअर वाढतात आणि एकूण प्रवाह पुन्हा १५० अँपिअरवर जातो. आकडा टाकणारा विजेची चोरी करतो हे खरेच. त्याशिवाय, नियमाने बिल भरणाऱ्या सतरा शेजाऱ्यांचे पीकही तो धोक्यात घालतो.

कमी दाब आणि एकाच वेळी सुरू होणारे पंप

भार वाढला की दाब उतरतो, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या अनुभवाचे आहे. दाब उतरला तरी पंपाला पाणी तेवढेच उचलावयाचे असते. त्यामुळे मोटार अधिक प्रवाह घेऊ लागते. दाब ४१५ वरून ३५० व्होल्टवर आला, तर तेवढ्याच कामासाठी प्रवाह साधारण १९ टक्क्यांनी वाढतो. वाढलेल्या प्रवाहाने दाब आणखी घसरतो. या दुष्टचक्रात रोहित्राबरोबर मोटारींचीही वेटोळी जळतात.

दुसरी बाब ऑटो स्विचची आहे. शेतीला त्रिफेज पुरवठा ठरावीक तासांतच मिळत असल्याने वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा, यासाठी अनेक ठिकाणी ऑटो स्विच बसविलेले असतात. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भयात शेतावर जावे लागणाऱ्या शेतकऱ्याची ही सोय समजण्यासारखी आहे. परंतु मोटार सरळ सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. सतराही पंप एकाच क्षणी सुरू झाले आणि सहापट प्रवाह धरला, तर मागणी ९०० अँपिअरच्या पुढे, म्हणजे पूर्णभार प्रवाहाच्या जवळजवळ सातपट होते. दाब एकदम कोसळत असल्याने प्रत्यक्षात एवढा प्रवाह वाहत नाही. पण दाब कोसळल्यामुळे मोटारींना वेगही लवकर घेता येत नाही आणि हा ताण लांबत जातो. पंप एकामागून एक, थोड्या थोड्या अंतराने सुरू झाले तर हा प्रसंग सहज टळतो.

तीन फेजचा समतोल

१३३.३ अँपिअर ही मर्यादा प्रत्येक फेजची स्वतंत्र आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. गावठाणातील घरे एकफेज जोडणीची असतात. ती तिन्ही फेजवर सारखी वाटली गेली नाहीत, तर एक फेज दबते आणि दुसरी मोकळी राहते. समजा, सायंकाळी मोजलेले प्रवाह १६०, ११० आणि ९० अँपिअर भरले. तिन्हींची सरासरी १२० येते, आणि वरवर पाहता रोहित्रावर जादा भार नाही असे वाटते. परंतु पहिल्या फेजवर मर्यादेपेक्षा २० टक्के अधिक प्रवाह आहे. त्या वेटोळ्यात उष्णता १.४४ पट निर्माण होते, आणि रोहित्र जळते ते त्या एका वेटोळ्यामुळे.

अशा असमतोलात न्यूट्रलच्या तारेतूनही प्रवाह वाहू लागतो. वरील उदाहरणात तो सुमारे ६२ अँपिअर भरेल. न्यूट्रलचा जोड सैल असला किंवा भूसंपर्कन कोरडे पडले असले, तर काही घरांत दाब अचानक चढतो आणि दिवे, पंखे, दूरदर्शन संच जळतात. तिन्ही फेजवर घरांची वाटणी सारखी करणे हे वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यासाठी नवे रोहित्र लागत नाही.

हे प्रवाह टाँग टेस्टर नावाच्या उपकरणाने, तार न तोडता मोजता येतात. मोजणी मात्र अधिकृत कर्मचाऱ्यानेच करावी. ती भार सर्वाधिक असतानाच्या वेळी, म्हणजे शेतीच्या रोहित्रावर पंप चालू असताना आणि गावठाणात सायंकाळी, झाली तरच उपयोगी ठरते.

फ्यूज हा रक्षक आहे

फ्यूज वारंवार उडू लागला की त्याच्या जागी जाड तार गुंडाळण्याची प्रवृत्ती आढळते. फ्यूजची तार पूर्णभार प्रवाह लक्षात घेऊन निवडलेली असते. प्रवाह धोक्याच्या पातळीवर जाताच ती वितळते आणि रोहित्राला वाचवते. तिच्या जागी जाड तार घातली की वितळण्याची पाळी वेटोळ्यांवर येते.

तारा एकमेकींना चिकटून किंवा झाडाची फांदी पडून लघुमंडल झाले, तर काय घडते याचा अंदाजही पूर्णभार प्रवाहावरूनच बांधता येतो. १०० के.व्ही.ए.च्या रोहित्राच्या पाटीवर प्रतिबाधा ४.५ टक्के लिहिलेली असल्यास लघुमंडलाचा प्रवाह १३३.३ भागिले ०.०४५, म्हणजे जवळजवळ ३,००० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. हा प्रवाह क्षणार्धात तोडणारा फ्यूज जागेवर नसेल, तर रोहित्र वाचण्याची आशा ठेवता येत नाही. फ्यूजपेटीला परस्पर हात लावल्याने माणसे दगावल्याच्या घटनाही घडतात. ते काम अधिकृत कर्मचाऱ्याकडेच सोपविले पाहिजे.

लहान रोहित्रे, कमी गळती

एका मोठ्या रोहित्रावरून दूरवरच्या पंपांना लांबच लांब लघुदाब तारांनी वीज देण्याऐवजी उच्चदाब वाहिनीच पंपाजवळ नेऊन तेथे १०, १६ किंवा २५ के.व्ही.ए.चे लहान रोहित्र बसवावे, अशी एक पद्धत आहे. तिला उच्चदाब वितरण प्रणाली म्हणतात. राज्यात शेतीपंपांच्या जोडण्यांसाठी २०१८ साली ही योजना मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. तिच्यामागील तर्क पूर्णभार प्रवाहाच्या गणितावरच उभा आहे. ११,००० व्होल्टवर प्रवाह ४३३ व्होल्टच्या मानाने सुमारे पंचविसाव्या हिश्श्याचा होतो. त्यामुळे तशाच तारेतील गळती सहाशे पटींहून अधिक घटते. शिवाय एका रोहित्रावर एक-दोनच पंप असल्याने जादा भार कोणी टाकला, हे लपून राहत नाही. रोहित्राची काळजी घेण्याची वृत्तीही त्यामुळे वाढीस लागते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

गावातील प्रत्येक रोहित्रासाठी एक पान ठेवलेली साधी नोंदवही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असणे अगत्याचे आहे. तीत पुढील बाबी नोंदवाव्यात :

१. रोहित्राची क्षमता आणि त्यावरून काढलेला पूर्णभार प्रवाह.
२. जोडलेल्या पंपांची संख्या, त्यांची अश्वशक्ती आणि त्यांपैकी किती पंपांना चालू स्थितीतील कपॅसिटर आहेत, याचा तपशील.
३. हंगामाच्या आरंभी व भर हंगामात वीज कर्मचाऱ्याने मोजलेले तिन्ही फेजचे प्रवाह.
४. तेलाची पातळी, तेलाची गळती, भूसंपर्कन आणि श्वसनयंत्रातील सिलिका जेलचा रंग यांविषयी कर्मचाऱ्याने दिलेली माहिती. निळे जेल गुलाबी झाले, तर ते ओलाव्याने भरले असून बदलण्याजोगे झाले आहे, असे समजावे.
५. रोहित्र नादुरुस्त झाल्याची तारीख आणि कारण.

अशी नोंदवही हाती असली की क्षमता वाढवून मिळण्याच्या मागणीला वजन येते. ‘आमच्या गावची लाइट टिकत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘१०० के.व्ही.ए.च्या रोहित्रावर भर हंगामात १५४ अँपिअर प्रवाह मोजला गेला, मर्यादा १३३ ची आहे, आणि सर्व पंपांना कपॅसिटर बसविलेले आहेत’ हे निवेदन शाखा अभियंत्याला वरिष्ठांकडे पाठविणे सोपे जाते. उलट, हिशेब केल्यावर भार मर्यादेतच असल्याचे आढळले, तर दोष फेजच्या असमतोलात, सैल जोडात किंवा तेलाच्या गळतीत शोधला पाहिजे, हेही लक्षात येते. तेथे मोठे रोहित्र मागण्यात वेळ दवडण्याचे कारण राहत नाही.

भाराचा हिशेब करताना एक तारतम्य बाळगावे. गावठाणातील सर्व घरांची सर्व उपकरणे एकाच वेळी चालू नसतात. म्हणून तेथे जोडलेल्या एकूण भारापेक्षा प्रत्यक्ष मागणी कमी असते. शेतीपंपांना ही सवलत देता येत नाही. त्यांना मिळणारा पुरवठाच ठरावीक तासांचा असल्याने ते बहुतेक सर्व एकदमच चालतात. त्यांचा भार पुरता धरणेच शहाणपणाचे ठरते.

शाळांतील शिक्षकांनाही या विषयात वाव आहे. गुणोत्तर, वर्गमूळ, टक्केवारी आणि वर्ग या संकल्पना पुस्तकातील काल्पनिक उदाहरणांऐवजी गावच्या रोहित्रावरून शिकविल्या, तर विद्यार्थ्यांना गणिताचा उपयोग कळतो. घरातील पंपाची अश्वशक्ती वडिलांना विचारून आणलेला मुलगा जेव्हा वर्गात एकूण भाराची बेरीज करतो, तेव्हा ते उत्तर संध्याकाळी त्याच्या घरी आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर पोहोचल्याखेरीज राहत नाही.

रोहित्र ही वीज कंपनीची मालमत्ता असली, तरी त्याच्या आयुष्याचे मोजमाप गावाच्या वागण्यावर अवलंबून असते. पाणीवाटपाच्या पाळ्या ठरविताना जसा विहिरीच्या झऱ्याचा अंदाज घेतला जातो, तसाच रोहित्राच्या पूर्णभार प्रवाहाचाही अंदाज घेतला गेला पाहिजे. रब्बीच्या पहिल्या पाण्यापूर्वी भरणाऱ्या ग्रामसभेत हा एक विषय चर्चेस घेतला, पंपांची यादी वाचली आणि कपॅसिटर नसलेल्यांची नावे समोर आली, तर ऐन हंगामात रोहित्र जळण्याचे संकट पुष्कळ अंशी टाळता येईल.